लग्न कोण लावतो? पेगन लोकांच्या हस्तबंधनाविषयीं

आमच्या गांवच्या पारावर गेल्या महिन्यांत एका लग्नाचा मोठा खल झाला. लग्न गांवांतलें नव्हे, तालुक्यांतलेंही नव्हे. तें झालें स्कॉटलंड देशांत, एका टेकडीवर, उघड्या आभाळाखालीं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तिकडे इस्पितळांत नर्सचें काम करते. बरोबरच्या एका गोऱ्या बाईच्या लग्नास ती गेली आणि तिनें तेथलीं छायाचित्रें मोबाइलवर बापाला धाडलीं. बापानें तीं पारावर दाखविलीं. झालें! एक म्हणाला, "हें चेटकिणीचें लग्न." दुसरा म्हणाला, "भट नाहीं, पाद्री नाहीं, कसल्या दोऱ्या हाताला बांधल्या आहेत. हें लग्न कीं बाहुला-बाहुलीचा खेळ?" त्या पोरीनें मलाही लिहिलें होतें : "गुरुजी, ह्याला लग्न म्हणावें कीं नाहीं, तें आमच्या अण्णांना तुम्हीच समजावून सांगा." पारावर आवाज चढवून बोलणें मला जमत नाहीं. लिहून सांगणें थोडेंफार जमतें, म्हणून हा लेख.

प्रथम हे पेगन कोण तें सांगतों. लॅटिन भाषेंत पागानुस म्हणजे खेडवळ. ख्रिस्ती लोकांनीं जुन्या देवदेवतांना भजणारांस हें नांव लाविलें आणि पुढें त्याचा अर्थ अधर्मी, पाखंडी असा झाला. खेडवळ तो अडाणी आणि अडाणी तो अधर्मी, हें शहाण्यांचें त्रैराशिक सर्व देशांत सारखेंच दिसतें! हल्लींचे पेगन मात्र त्या जुन्या लोकांचे अखंड वारस नव्हेत. मधलीं कित्येक शतकें कोरी आहेत. इंग्लंडांत चेटकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ सालीं रद्द झाला, १९५४ सालीं जेरल्ड गार्डनर नांवाच्या गृहस्थानें आपलें पुस्तक छापलें आणि विक्का नांवाचा पंथ उघड्यावर आला. ड्रुइड वगैरे दुसऱ्याही मंडळ्या आहेत. सृष्टि पवित्र, ऋतु हेच सण, देवाइतकीच देवी थोर, अशी त्यांची सामान्य समजूत. सर्वांची मिळून एक पोथी नाहीं कीं एक गादी नाहीं. २०२१ च्या खानेसुमारींत इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें ७४ हजार लोकांनीं आपला धर्म पेगन असा लिहविला आणि आणखी सुमारें १३ हजारांनीं विक्का असा. एवढ्या मोठ्या देशांत हे मूठभरच. पण ह्या मूठभरांच्या लग्नानें तिकडच्या कायद्याला एक कोडें घातलें आहे, आणि तें कोडें आपल्यालाही अनोळखी नाहीं.

आतां विधि पाहूं. त्यांच्या लग्नाला इंग्रजींत हॅण्डफास्टिंग म्हणतात. आपण हस्तबंधन म्हणूं. सर्वांचा विधि अक्षरशः एक नसतो, कारण पुष्कळ जोडपीं आपलीं वचनें आपणच लिहून आणतात. पण ठोकळ मानानें क्रम असा असतो. जागा बहुधा उघडी : रान, टेकडी, समुद्रकांठ, नाहीं तर एखादें जुन्या उभ्या दगडांचें रिंगण. जमलेली मंडळी वर्तुळ करून उभी राहतात. रांगा नाहींत, त्यामुळें पुढची खुर्ची कोणाची हा तंटा नाहीं. (आमच्याकडे अर्धीं लग्नें ह्याच तंट्यानें नासतात.) जमीन खराट्यानें झाडून घेतात. केर काढणें हा हेतु नसून जागा शुद्ध करणें हा हेतु. मग चार दिशांना हांक घालतात. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नि, पश्चिमेला पाणी, उत्तरेला माती. त्यांच्या खुणा म्हणून धूप, दिवा, पाण्याचें भांडें आणि मीठ किंवा माती मांडलेली असते. ही हांक पुष्कळदां नात्यांतलीं चार माणसें चार बाजूंनीं घालतात. एखाद्याची आजी पश्चिमेला उभी राहून पाण्याला बोलावते, तर धाकटा भाऊ दक्षिणेला दिवा धरतो.

मधें एक बाई किंवा पुरुष, कधीं दोघेंही, विधि चालविण्यास उभीं असतात. त्यांस कोणी पुरोहित म्हणतात, कोणी पुरोहितीण म्हणतात. पण त्यांचें काम विचारण्याचें आहे. जोडप्यास ते विचारतात : तूं आपखुशीनें आलास काय? तूं आपखुशीनें आलीस काय? हा प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारतात आणि उत्तर ज्याचें त्यानें मोठ्यानें द्यावयाचें असतें. बापानें मुलगी दान करावी हा प्रकार ह्या विधीच्या गाभ्यांत नाहीं.

मग हात. कोणी उजवा हात उजव्या हातांत देतात. कोणी उजव्यांत उजवा आणि डाव्यांत डावा देतात, म्हणजे चारी हात मिळून आडवा पडलेला इंग्रजी आठाचा आंकडा होतो, आणि हा आंकडा अंत नसल्याची खूण समजतात. ह्या हातांवरून रंगीत दोऱ्या किंवा फिती घालतात. आई एक घालते, बहीण एक घालते, जुना मित्र एक घालतो. दर दोरीबरोबर एक वचन : आजारांत सोडणार नाहीं, रागांत हात उचलणार नाहीं, तुझें काम तें माझेंही. दोऱ्यांचीं टोकें नवरा-नवरीच्या हातांत असतात. हात हळूच ओढून बाहेर काढले कीं दोऱ्यांची गांठ आपोआप आवळते. ती गांठ सोडीत नाहींत. घरीं नेऊन जपून ठेवतात. पाणिग्रहण आणि उपरण्या-शेल्याची गांठ आपण जाणतों, तेव्हां ह्यांत आपल्याला हंसण्याजोगें काय आहे तें मला समजलें नाहीं.

पुढें आंगठ्या होतात. मग भाकरी किंवा केक आणि मधाची दारू, मद्य न घेणारांस फळांचा रस, असें एका पेल्यांतून दोघें घेतात व मंडळींत फिरवितात, आणि थोडा भाग जमिनीवर ओततात. शेवटीं खराटा आडवा धरतात किंवा जमिनीवर ठेवतात आणि नवरा-नवरी हातांत हात धरून त्यावरून उडी मारतात. अलीकडे कुंवारपण, पलीकडे संसार. लहानपणीं केरसुणीला पाय लागला तर माझी आई मला तिच्या पायां पडावयास लावी, त्यामुळें हें छायाचित्र पाहून मीही क्षणभर दचकलों. पण आपण लक्ष्मी म्हणून तिला हात जोडतों आणि ते उंबरठा म्हणून तिला ओलांडतात, एवढाच फरक. मान दोन्हीकडे खराट्यालाच. मग चारी दिशांना निरोप देतात, वर्तुळ मोडतें आणि जेवण होतें.

मुदतीची गोष्ट पारावर सर्वांत जास्त रंगली. कोणी जोडपीं जन्मभरासाठीं वचन देतात, कोणी 'जोंवर प्रेम आहे तोंवर' म्हणतात, आणि कोणी एक वर्ष व एक दिवस अशी मुदत घालतात व मुदत सरली म्हणजे पुन्हां हात बांधतात. वेगळें व्हावयाचें झाल्यास त्याचाही विधि आहे. ज्यांच्यासमोर बांधलें त्यांच्यासमोर दोरी सोडावयाची. "वर्षाच्या करारानें बायको!" म्हणून आमच्या मंडळींनीं डोळे विस्फारले. ह्या मुदतीचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे, कारण त्यांत पेगन मंडळीही फसलीं आहेत.

हस्तबंधन ही हजारों वर्षांची प्राचीन चाल, आणि वर्ष-एक दिवसाचें परीक्षालग्न ही स्कॉटलंडची जुनी रीत, असें ते सांगतात. मूळ धुंडाळलें तर काय निघतें? मार्टिन मार्टिन नांवाच्या गृहस्थानें १७०३ सालीं स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांचें वर्णन छापलें. त्यांत तो लिहितो कीं, पूर्वीं पुरुष एखादी मुलगी वर्षभर लग्नावांचून घरीं ठेवी, पटली तर लग्न करी, न पटली तर आईबापांकडे परत धाडी. थॉमस पेनंट ह्या प्रवाशानें १७७२ च्या दौऱ्यांत एस्क नद्यांच्या संगमावरल्या जत्रेची अशीच कथा ऐकून लिहिली. वॉल्टर स्कॉटनें १८२० सालीं ती आपल्या कादंबरींत घातली आणि मग ती जगभर झाली. १९५८ सालीं ए. ई. अँटन ह्या कायदेपंडितानें जुनीं दप्तरें तपासून दाखविलें कीं, परीक्षालग्नाची ही गोष्ट गैरसमजांतून निघाली. जुन्या स्कॉटलंडांत हॅण्डफास्टिंग म्हणजे हातावर हात ठेवून केलेला वाङ्निश्चय, आपल्याकडील साखरपुड्यासारखा. १५६२ सालीं अ‍ॅबर्डीनच्या चर्चपंचायतीनें तक्रार नोंदविली आहे कीं, कित्येक जोडपीं असा हात देऊन सहा-सहा सात-सात वर्षें एकत्र नांदतात आणि चर्चांत येऊन लग्न कांहीं करीत नाहींत. रंगीत दोऱ्यांचा सोहळा जसा आज होतो तसा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतला आहे.

मला वाटतें, पेगनांनीं ही उसनी पुरातनता सोडून द्यावी. आपली चाल प्राचीन म्हणून पवित्र, हा युक्तिवाद ज्यांनीं आजवर केला त्यांनीं त्याच्या बळावर काय काय टिकवून ठेविलें तें ह्या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. आणि मार्टिनची गोष्ट खरी धरली तरी ती कोणाच्या सोईची? बैल बाजारांतून आणावा, औताला जुंपून पाहावा आणि न पटला तर परत करावा, तसें त्या मुलीचें झालें. परत कोण धाडतो? पुरुष. आजच्या हस्तबंधनांत सोडण्याचा हक्क दोघांचाही आहे. तेव्हां नवी चाल ही त्या मानलेल्या जुन्या चालीपेक्षां चांगली आहे, आणि तिनें आपलें वय चोरूं नये.

शिवाय खरा इतिहास त्यांच्या बाजूचाच आहे! बाराव्या शतकांत पोप तिसऱ्या अलेक्झांडरनें असें ठरविलें कीं, पुरुष व स्त्री परस्परांस 'मी तुला आतां वरतों', 'मी तुला आतां वरतें' असें म्हणालीं कीं लग्न झालें. पाद्री असावा हें चांगलें, पण पाद्र्यावांचून लग्न अडत नाहीं. लग्न लावणारीं तीं दोघेंच. पुढें कॅथॉलिक चर्चनें १५६३ सालीं ट्रेंटच्या सभेंत पाद्री व साक्षीदार आवश्यक केले. इंग्लंडांत १७५३ चा कायदा झाला, तो पुढल्या सालापासून लागू झाला आणि तेव्हांपासून इंग्लंडच्या चर्चबाहेरचें लग्न तेथें लग्न राहिलें नाहीं. दोघांना तेवढी सूट मिळाली, यहुदी आणि क्वेकर. क्वेकरांत तर पाद्रीच नसतो. सभेंत नवरा-नवरी उठून उभीं राहतात आणि परस्परांस आपणच वचन देतात. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. म्हणून इंग्लंडांतलीं पळालेलीं जोडपीं सरहद्दीवरच्या ग्रेटना ग्रीन गांवीं जात आणि तेथें लोहाराच्या ऐरणीपुढें दोन साक्षीदारांसमक्ष लग्नें लागत. लोहार! ज्याच्या हातांत घण तोच पुरोहित. नुसत्या जबानीनें लग्न लागण्याची ही सोय स्कॉटलंडांत १९४० पर्यंत चालू होती. १९३९ च्या कायद्यानें ती बंद केली.

बंद केली ती सर्वस्वी वाईट बुद्धीनें केली असेंही मी म्हणणार नाहीं. दोघांच्या वचनाला कागद नसला म्हणजे पुढें एक जण उलटला तर काय? 'मी असें बोललोंच नाहीं' असें पुरुषानें म्हणावें आणि बाईनें पदरांत पोर घेऊन साक्षीदार शोधीत हिंडावें! येथें पारावरल्या दुसऱ्या गृहस्थाचा प्रश्न खरा आहे. लग्न कोण लावतो हा एक प्रश्न आणि लग्न झाल्याचा पुरावा कोणाच्या दप्तरीं आहे हा दुसरा. पहिल्याचें उत्तर हस्तबंधन चांगलें देतें. दुसऱ्याचें उत्तर तें आपल्या बळावर देऊं शकत नाहीं.

आणि येथेंच इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांच्या वाटा फुटतात. स्कॉटलंडांत १९७७ च्या कायद्यानें अधिकार माणसाला मिळतो, जागेला नव्हे. रजिस्ट्रारनें अधिकृत मानलेल्या विधिचालकानें लग्न टेकडीवर लावलें काय आणि समुद्रकांठीं लावलें काय, चालतें. जोडप्यानें आधीं रजिस्ट्रारला नोटीस द्यावयाची, त्याच्याकडून विवाहाचा कागद घ्यावयाचा, विधींत 'आम्ही परस्परांस पत्करतों' असें स्पष्ट म्हणावयाचें, कागदावर दोघांनीं, विधिचालकानें आणि दोन साक्षीदारांनीं सह्या करावयाच्या आणि तो तीन दिवसांच्या आंत रजिस्ट्रारकडे पोंचवावयाचा. २००५ च्या सुमारापासून पेगन विधिचालकांनाही तेथें हा अधिकार मिळूं लागला. म्हणजे दोरीही खरी आणि कागदही खरा.

इंग्लंड व वेल्स ह्यांत मात्र १९४९ चा कायदा इमारतीभोंवतीं फिरतो. चर्च, नोंदलेलें प्रार्थनागृह, रजिस्ट्रारची कचेरी किंवा मंजूर केलेली जागा. सरकारी लग्नांत धार्मिक कांहीं आणावयाचें नाहीं. आणि पेगनांचें देऊळ म्हणजे रान, त्याला भिंतीच नाहींत तर नोंद कशाची करणार? त्यामुळें तेथें हस्तबंधन कितीही साक्षीदारांसमोर झालें तरी कायद्याला तें दिसत नाहीं. शहाणीं जोडपीं आधीं कचेरींत जाऊन सह्या करतात आणि मग रानांत जातात. पण जीं 'आमचें प्रेम कागदावर नाहीं' म्हणून कचेरींत जात नाहींत त्यांचें काय होतें? इंग्लंडांत पुष्कळ लोकांची समजूत आहे कीं, बरींच वर्षें एकत्र राहिलें म्हणजे आपोआप नवराबायकोचे हक्क मिळतात. ही समजूत साफ खोटी आहे. एक जण मृत्युपत्र न करतां मेला तर मागे राहिलेल्याला वारसा आपोआप मिळत नाहीं, कोर्टांत जाऊन मागावा लागतो. वेगळें झाल्यावर बायको म्हणून पोटगीही नाहीं. २०२० सालीं तेथल्या अपील कोर्टापुढें एका मुसलमान बाईचा खटला आला. निका झालेला, कित्येक वर्षांचा संसार, मुलें. पण सरकारी नोंद नाहीं. कोर्टानें ठरविलें कीं, हा विधि विवाहकायद्याच्या कक्षेंतच येत नाहीं. लग्न रद्द करून मागतांना जे हक्क मिळतात तेही मिळणार नाहींत. निकाल निकाहाबद्दलचा आहे, पण हीच दोरी हस्तबंधनाच्याही गळ्यांत आहे. २०२२ सालीं तेथल्या विधिआयोगानें शिफारस केली कीं, नियम इमारतीला न लावतां विधिचालकाला लावावे. मला ही शिफारस योग्य वाटते. क्वेकरांवर १७५३ सालीं जो विश्वास टाकला तो पेगनांवर टाकावयास अडीचशें वर्षांहून अधिक काळ पुरेसा नाहीं काय?

आपला ह्याच्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. १८७३ च्या डिसेंबरांत पुण्यास पहिला सत्यशोधक विवाह भटावांचून लागला. १८८७ सालीं जोतीरावांनीं जीं मंगलाष्टकें छापलीं त्यांत वधू वराला सवाल करते आणि वर तिच्या हक्कांचें वचन देतो. स्कॉटलंडच्या टेकडीवर दोघांस जें वेगवेगळें विचारलें गेलें, तें आपल्या खेड्यापाड्यांच्या मांडवांत त्याच्या कितीतरी आधीं विचारलें गेलें आहे. आणि कागदाचें दुखणेंही आपल्या देशांत होऊन गेलें आहे. मद्रासकडे पेरियारांच्या चळवळींतलीं स्वाभिमान-लग्नें पुरोहितावांचून लागत. स्वातंत्र्यानंतर कांहीं वर्षांतच मद्रास हायकोर्टानें असें एक लग्न कायदेशीर नाहीं म्हणून ठरविलें. १९६७ सालीं अण्णादुराईंच्या सरकारनें हिंदू विवाह कायद्यांत कलम ७-अ घातलें. आप्तेष्टांसमोर, दोघांना कळणाऱ्या भाषेंत परस्परांस पत्करल्याचें सांगितलें किंवा हार वा आंगठी घातली कीं लग्न झालें. हें कलम मागच्या लग्नांनाही लागू केलें, त्यामुळें संसार करून म्हाताऱ्या झालेल्या बायकांना त्यांचें बायकोपण परत मिळालें.

पेगन मंडळींना एक टोंचणीही द्यावीशी वाटते. तिकडे हस्तबंधनाची आतां फॅशन झाली आहे. पेगन नसलेलेही तें करवून घेतात, तयार दोऱ्यांची पाकिटें दुकानांत विकत मिळतात, आणि फी घेऊन विधि चालविणारांचा एक धंदाच उभा राहिला आहे. मेहनतीचें मोल घेणें वाईट नव्हे. पण 'माझ्याच हातून बांधलेली गांठ खरी' असें ज्या दिवशीं त्यांतला कोणी म्हणूं लागेल त्या दिवशीं त्यांच्याकडेही भटशाही सुरू झाली असें समजावें. दोऱ्या आईनें आणि बहिणीनें घातल्या तेंच बरें.

तर त्या पोरीस माझें उत्तर असें. होय, तें लग्न आहे. लग्न त्या दोघांनीं लावलें, मंडळींनीं पाहिलें. पण तुझ्या मैत्रिणीस विचार, सह्या केलेला कागद गेला काय? काल तिचें उत्तर आलें : "गुरुजी, सोमवारीं सकाळींच दोघें जाऊन कागद देऊन आलीं. गांठ खिडकींत टांगली आहे." हें मीं तिच्या बापाला वाचून दाखविलें. तो म्हणाला, "मास्तर, हें पारावर तुम्हीच सांगा."

— एक खेडेगांवचा शाळामास्तर